ट्रॅक ०१ म्हणजे कोण?



सध्या पुष्कळ घरांतून एक काम चाललेलं दिसतं. जुन्या सीड्या संगणकात उतरवून घेण्याचं. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, नव्या गाड्यांमधूनही ती गेली. मग गोलाणी मार्केटातून यूएसबीला लावायचा ड्राइव्ह आणायचा, कपाटावरचा खोका खाली काढायचा, दोन रविवारांत सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचं आणि सीड्या भंगारवाल्याला द्यायच्या, असा साधारण बेत असतो. बेत वाईट नाही. आमच्या जळगावात तर तो निकडीचाच म्हणायला हवा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. दुकानातून कोरी आणून संगणकावर भरलेली जी सीडी असते, तिच्यात माहिती एका रंगाच्या थरात असते आणि उन्हाने, उष्णतेने तो थर हळूहळू उतरतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वीस उन्हाळे काढलेली सीडी अजून वाजते हेच नवल.

पण उतरवून घेताना आपण एवढंच बघतो की आवाज नीट आला ना, मध्येच अडकत नाही ना. ती फाइल संगणकात कुठे जाऊन बसली आणि तिला नाव काय लागलं, याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं असं आहे की खरं काम तिथेच आहे. उतरवायचं काम मशीन करतं, दहा मिनिटांत करतं. कुठे ठेवायचं आणि काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नसतं, ते त्याने ठरवूही नये. आणि ही मेहनत आधी घरच्या सीड्यांवर करावी, विकतच्या सीड्यांवर नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. लता-आशाच्या, भीमसेनजींच्या सीड्या आधी, कारण त्या वरच असतात आणि त्यांना छापील कव्हर असतं. मार्करने लिहिलेल्या पिवळट सीड्या खोक्याच्या तळाशी राहतात.

थोडं शाळेतल्यासारखं समजावून सांगते, कंटाळू नका.

गाण्याची सीडी १९८२ साली बाजारात आली, फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या नमुन्यावर. त्या नमुन्यात आवाज कसा साठवायचा हे अगदी बारकाईने ठरवलेलं आहे, सेकंदाला ४४,१०० नोंदी वगैरे. एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. पण गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, कवीचं नाव यासाठी मूळ नमुन्यात जागाच ठेवली नव्हती. पुढे तशी सोय निघाली, पण ती फार थोड्या सीड्यांवर वापरली गेली. सीडीवर असतं ते एवढंच: पहिला तुकडा इथे सुरू, दुसरा तिथे सुरू. आपण संगणकात सीडी घातली की आत .सीडीए नावाच्या चिमुकल्या फाइली दिसतात. त्या नुसत्या खुणा असतात, ४४ बाइटच्या. त्यांची कॉपी करून आपल्या फोल्डरात टाकली आणि सीडी बाहेर काढली की काहीच वाजत नाही. कितीतरी जणांनी असं 'उतरवून' सीड्या देऊन टाकल्या असतील, कोण जाणे.

मग प्रश्न येतो, काही सीड्या घातल्यावर गाण्यांची नावं आपोआप कशी येतात? तर १९९३ च्या सुमारास परदेशात सीडीडीबी नावाचा एक मोठा नोंदसंग्रह सुरू झाला. कुठला तुकडा किती वेळाचा आहे यावरून संगणक सीडीची एक ओळख तयार करतो आणि ती त्या संग्रहात शोधतो. सापडली तर नावं उचलतो. ती नावं तिथे कुणी टाकली? तर तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांनीच, ज्याला जशी सुचली तशी. पुढे तो संग्रह एका कंपनीचा झाला, फ्रीडीबी म्हणून जो मोफत चालत होता तो २०२० साली बंद पडला, आता म्युझिकब्रेन्झ नावाचा स्वयंसेवकांनी चालवलेला संग्रह आहे. मराठी सीड्यांची नावं तिथे असलीच तर रोमन लिपीत, आणि एकाच गायकाची चार स्पेलिंगं. फडके एकदा 'सुधिर' तर एकदा 'सुधीर', एकदा नुसते 'बाबूजी'. संगणकाच्या लेखी ही तीन माणसं, आणि तो इमानेइतबारे तीन फोल्डर करून ठेवतो.

घरच्या सीडीची तर तिथे नोंद असायचं कारणच नाही. मग संगणक तिला नाव देतो 'अननोन आर्टिस्ट', त्याच्या पोटात 'अननोन अल्बम', पुढे कंसात तारीख आणि वेळ, आणि आत ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. ती तारीखही फसवी. ती सीडी उतरवल्याची तारीख, गाणं गायल्याची नव्हे. आमच्या एका घरगुती सीडीला तर कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाचं नाव लागलं होतं. तुकड्यांची लांबी योगायोगाने जुळली असणार. आमच्याकडच्या आजेसासूबाई जर्मन बँडमध्ये! ऐकून सगळे पोट धरून हसले. पण ते नाव तेव्हाच पुसलं नसतं तर पन्नास वर्षांनी कुणी हसलं नसतं, खरंच मानलं असतं.

आता धुळ्याचं एक सांगते. धुळ्याला श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून, घराघरांतून गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. आमच्या कॉलेजच्या सरांनी आम्हाला एकदा ती दाखवायला नेलं होतं. बाडांना क्रमांक आहेत, अभ्यासक आजही बाडाचा क्रमांक देऊनच लिहितात. पण मला जास्त मोलाची वाटते ती जुन्या नकलकारांची एक सवय. पोथी उतरवून झाली की शेवटी तो दोन ओळी आपल्या लिही: कुणी लिहिली, कुठे लिहिली, कुठल्या शकात, कुठल्या तिथीला, कुणासाठी. पुष्पिका म्हणतात तिला. अभ्यासकांचा निम्मा जीव त्या दोन ओळींवर असतो. उतरवून घेणं हा शब्द तोच आहे बघा. पोथी उतरवणारा माणूस पुष्पिका लिहायचा, सीडी उतरवणारा संगणक लिहीत नाही. मग ती आपण लिहायची.

त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, १८ अध्यायांची १८. कोण बोललं, कुणी टिपलं, कुठल्या दिवशी, सगळं आज आपल्याला सांगता येतं. तुरुंगात जे जमलं ते वातानुकूलित खोलीत बसून आपल्याला का जमू नये? असो.

विकतच्या सीडीत फोल्डरांचा प्रश्न कुठे येतो हे पाहायचं तर गीतरामायणाचा संच उतरवून बघा. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. आठवड्याला एक गीत. वर्षाची ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी वेगवेगळी मंडळी गायली, पुढे सगळी गीतं फडक्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आली. पन्नासावर गाणी एका सीडीत मावत नाहीत, म्हणून संच. आणि संचातली प्रत्येक सीडी ट्रॅक ०१ पासूनच सुरू होते! सगळ्या एकाच फोल्डरात उतरवल्या की एकतर दुसरी पहिलीला पुसते, नाहीतर तितके ट्रॅक ०१ जवळजवळ येऊन बसतात. नावं टाकली तर अक्षरांच्या क्रमाने लागतात, म्हणजे वनवास आधी आणि जन्म मागाहून. ही कथा आहे हो, पहिल्या गीतात कुशलव रामायण गायला उभे राहतात म्हणूनच पुढची सगळी उभी राहतात. तिथे क्रम मोडला तर उरतं काय?

उपाय साधा आहे. नावाच्या आधी संचातला सलग क्रमांक, ०१ ते ५६, एक आकडी संख्येपुढे शून्य देऊन. शून्य नाही दिलं तर पुष्कळ प्लेअर १ नंतर १०, ११ वाजवतात आणि २ ला फार उशिरा येतात. सीडी उतरवणाऱ्या प्लेअरच्या ऑप्शन्समध्ये 'रिप म्युझिक' अशा नावाचं पान असतं. फाइल कुठे ठेवायची आणि नावात काय काय घ्यायचं हे तिथे आधी ठरवता येतं. आधी, म्हणजे पहिली सीडी आत घालायच्या आधी. पन्नास सीड्या उतरवून झाल्यावर हे पान उघडून उपयोग नाही. आणि गाडीसाठी पेन ड्राइव्ह करणार असाल तर आणखी एक: काही गाड्यांतले प्लेअर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली पेन ड्राइव्हवर गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून सगळ्या निवडून एकदम न टाकता ओळीने टाका. जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळा करत दोन तास जातात, तेवढ्यात बरीच कथा ऐकून होते. परतताना पुढची.

पण विकतच्या सीडीचं मी इथेच थांबवते. कारण हे सगळं चुकलं तरी गीतरामायण बुडत नाही. ते हजार ठिकाणी आहे, उद्या पुन्हा मिळेल.

लग्नाची सीडी मिळत नाही.

आमच्या नात्यात एक लग्न झालं तेव्हा व्हीसीडीचे दिवस होते. फोटोवाल्याने तीन सीड्या दिल्या: हळद, लग्न आणि स्वागत समारंभ. प्रत्येक व्हीसीडीच्या आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात चित्रपटाची जी फाइल असते तिचं नाव ठरलेलं, एव्हीसेक०१.डॅट. तुमच्या लग्नाची तीच, शेजाऱ्यांच्या मुंजीची तीच. नवरदेवाच्या धाकट्या भावाने पहिली सीडी 'दादाचं लग्न' या फोल्डरात कॉपी केली. दुसरी घातली. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही टाकू का? त्याने हो म्हटलं. तिसरीलाही हो म्हटलं. मग तिन्ही सीड्या कपाटातून गेल्या. आज त्या फोल्डरात लोक रांगेने स्टेजवर जाऊन पाकिटं देताहेत, तेवढंच आहे. हळद गेली, लग्न गेलं. नवऱ्या मुलीच्या आजीने तिची दृष्ट काढली होती, ते गेलं. ती आजी आता नाही. डीव्हीडीचंही तसंच, आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात सगळीकडे त्याच नावाच्या व्हीओबी फाइली. म्हणून दर सीडीला वेगळा फोल्डर, आणि त्याला नाव सीडी घालायच्या आधीच.

(घरच्या मंडळींनी हे वाचून 'आमच्याबद्दल लिहिलंस का' म्हणून फोन करू नये. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहिलं आहे.)

दुसरी गोष्ट सी ड्राइव्हची. आपण काही न सांगता सीडी उतरवली तर ती सी ड्राइव्हवर, यूजर्स किंवा जुन्या संगणकात डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्याच्या आत आपलं नाव, त्याच्या आत म्युझिक अशी खोल जाऊन बसते. आणि आपल्याकडे संगणक बिघडला की दुरुस्तीवाला पहिलं वाक्य काय म्हणतो? "फॉरमॅट मारावा लागेल, डी सेफ आहे." त्याच्या दृष्टीने सी ड्राइव्ह म्हणजे विंडोजची जागा, तिथे कुणाचं काही असतं हे तो धरतच नाही. धुळ्याच्या एका आप्तांकडे असंच झालं, तीन वर्षांची उतरवलेली भजनं गेली. म्हणून फाइली सी वर ठेवू नयेत. नव्या लॅपटॉपला कधीकधी सी हा एकच ड्राइव्ह असतो, मग बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. त्याही दोन असाव्यात. आमची एक जळगावात आहे, दुसरी धुळ्याला दिरांकडे. दिवाळीला जाते तेव्हा दोन्ही सारख्या करते.

माझा मुलगा या सगळ्याला हसतो. तो म्हणतो, "आई, फोल्डर कशाला लावत बसतेस? सगळं एका जागी टाक आणि सर्च कर." त्याचं त्याच्या परीने बरोबर आहे. त्याच्या ऑफिसातल्या फाइलींना नावं असतात. सर्च म्हणजे शब्द शोधणं. जिथे शब्दच लिहिलेला नाही तिथे काय शोधणार? ट्रॅक ०७ शोधला तर अडुसष्ट ट्रॅक ०७ येतात, मोजून बघितले. आणि शब्द लिहिला तरी आपल्याकडे 'कानबाई' कुणी तसं लिहील, कुणी 'कानबाय', कुणी रोमन लिपीत तीन तऱ्हांनी. फोल्डर नीट असला तर अंधारातही हात बरोबर जातो. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नुसते नंबर आहेत. परका माणूस नाक मुरडतो की ही काय नावं! पण गल्ली नंबर चार म्हटलं की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही.

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. सगळ्यात वर दोनच फोल्डर: 'घरचे' आणि 'विकतचे'. विकतच्यात आत फार खोल जायचं नाही, नाट्यसंगीत, अभंग, चित्रपट, भाषणं एवढं पुरे. फोल्डरात फोल्डर करत गेलं तर पत्ता लांबतो, आणि विंडोजची पूर्वापार मर्यादा २६० अक्षरांच्या आसपास आहे. त्यापुढे कॉपी करताना अडतं. घरच्यात प्रत्येक सीडीला एक फोल्डर. नावात आधी साल, मग महिना, मग प्रसंग, मग गाव. साल आधी, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, आडवी द्यायची. नावं देवनागरीतच लिहिते. युनिकोड आल्यापासून त्याला अडचण नाही. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर चौकोन दिसतात, तर गाडीच्या पेन ड्राइव्हपुरती रोमन नावं करावीत. प्लेअरच्या सोयीसाठी घरची नोंद बदलू नये.

आणि नावात नातं लिहू नये, माणसाचं नाव लिहावं. हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या पुतण्याने एका फोल्डरला नाव दिलं होतं 'आईची गाणी'. कुणाची आई? आमच्या कुटुंबात आज नऊ आया आहेत. त्याच्या मुलाने तो फोल्डर उघडला तर त्याला वाटणार ही माझी आई. काकू, आत्या, जिजी, मोठी आई हे सगळे शब्द बोलणाऱ्याला धरून असतात. बोलणारा गेला की ते कुणाचेच नसतात. आपल्याकडे बाईचं लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलायचे. म्हणून माहेरचं नाव आणि माहेरचं गाव सुद्धा लिहावं. इथे जाहीर पानावर मी ती नावं देत नाही, पण आमच्या हार्ड डिस्कवर ती आहेत.

बहिणाबाई आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी त्यांची गाणी लिहून घेतली म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, ती पुस्तकात आली. लिहून घेणारे घरचेच होते, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. अशा गाणाऱ्या बाया घरोघर होत्या. बहिणाबाईंची सर सगळ्यांना नसेल, पण गाणी होती.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. खान्देशातल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: रोट असतात, रात्री जागरण असतं आणि बाया अहिराणीत गाणी म्हणतात. १९९१ साली धुळ्याच्या घरी माझ्या दिरांनी त्या जागरणाची कॅसेट केली होती. २००५ साली एका दुकानातून त्या कॅसेटची सीडी करून घेतली. दुकानदाराने सीडीवर मार्करने 'भजन १' असं लिहून दिलं. जिथे आवाज थांबला तिथे मशीनने तुकडा पाडला, असे १४ तुकडे. वर्ष नाही, गाव नाही, कानबाई हा शब्दसुद्धा नाही. ती सीडी आमच्या नातवाला एकट्याला सापडली असती तर त्याने एक मिनिट ऐकून टाकून दिली असती, आणि त्याला मी दोष दिला नसता.

गेल्या श्रावणात मी लॅपटॉप घेऊन धुळ्याला गेले. मोठ्या जाऊबाई ८६ वर्षांच्या आहेत. दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. त्यांना खाटेवर बसवलं, पहिला तुकडा लावला. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव, तिच्या माहेरचं गाव, आणि ती बाई गाताना मध्येच का थांबते तेही सांगितलं. तान्हं पोर मांडीवर होतं म्हणून. ते पोर आता नाशिकला बँकेत आहे. मी ऐकते आहे आणि फाइलींना नावं देते आहे. पाचव्या तुकड्याला त्या थबकल्या. "हाई कोन म्हनी ऱ्हायनी व?" म्हणून मलाच विचारायला लागल्या. मी म्हटलं, "जिजी, तुम्हीच." त्यांचा विश्वास बसेना. आपला ५३ व्या वर्षीचा आवाज त्यांना ओळखता आला नाही. पण मागे साथ धरणारी त्यांची बहीण त्यांनी बांगड्यांच्या आवाजावरून ओळखली. बहीण गेली त्याला बारा वर्षं झाली. तो तुकडा त्यांनी चार वेळा लावायला लावला. मग आम्ही चहा घेतला आणि पुढे गेलो.

संध्याकाळपर्यंत १४ पैकी ११ तुकड्यांची नावं लागली. हे काम कुठल्याही संग्रहात शोधून झालं नसतं, की मुलाच्या सर्चने झालं नसतं. आवाज ओळखायची नवी तंत्रं निघाली आहेत असं तो सांगतो. निघू देत. त्यांनाही आधी कुणीतरी सांगावं लागेल की ही अमुक बाई.

म्हणून सीडी भंगारात देण्याआधी कव्हरावरची, सीडीवरची अक्षरं तरी मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरात ठेवा. आणि एक शंभर पानी वही करा. मी केली आहे. डाव्या पानावर फोल्डरचं नाव, उजव्या पानावर कोण, कुठे, कधी, मूळ कॅसेट कुणी केली, सीडी कुणी भरली, संगणकात कुणी कधी घेतली. हार्ड डिस्क बंद पडली तरी वही उघडते. तिच्याच दोन झेरॉक्स आहेत, एक दिरांकडे, एक मुलाकडे. मुलाने ती हसत हसत घेतली, पण घेतली.

आता कामाचं. ट्रॅक ०३, ०७ आणि १२ कुणाचे आहेत ते अजून कळलेलं नाही. ०७ मधल्या बाईंचा आवाज जाड आहे, ओळीच्या शेवटी त्या खोकतात, आणि मागे कुणीतरी त्यांना 'आक्का' म्हणून हाक मारतं. त्या शिरपूरकडच्या असाव्यात असा जाऊबाईंचा अंदाज आहे. १९९१ च्या श्रावणात धुळ्याच्या जागरणाला जे कुणी होते, त्यांनी मला किंवा दिरांना कळवावं, मी तो तुकडा फोनवर पाठवते. शक्यतो या आठवड्यात कळवा, कारण जाऊबाई पुढच्या महिन्यात मुलाकडे सुरतेला जाणार आहेत आणि त्यांना समोर बसवून पुन्हा एकदा ऐकवायचं आहे. आणि त्या लग्नाच्या हळदीची सीडी वऱ्हाडातल्या आणखी कुणाकडे दिली गेली होती का, तेही खोके बघून सांगा. पांढऱ्या पाकिटात होती, वर गणपतीचा स्टिकर.